कणाचा पत्ता

तुरवानच्या कारखान्यातून आणलेली सगळी फडकी स्वच्छ निघाली आणि विशाखा खोब्रागडेचा स्वतःचा डबा घाण निघाला.

यंत्राने बोंब मारली नाही. बोंब सिनेमातली यंत्रं मारतात. पडद्यावरची हिरवी रेघ लाल झाली, तिच्यापुढे एक्क्याण्णव हा आकडा उमटला आणि यंत्र पुन्हा गप्प बसलं. विशाखाने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाला पुसला, परत घातला. आकडा हलला नव्हता.

"माय वं," ती पुटपुटली. लिस्बनमधल्या त्या प्रयोगशाळेत हे कळणारं दुसरं कुणी नव्हतं.

जागतिक अणुतपास मंडळाचा नियम असा, की तपासणीहून परतलेल्या माणसाचं सामानही नमुन्यांसोबत तपासायचं. तपासनीसाच्या बुटाला भलत्याच देशाची धूळ चिकटलेली असली तर निर्दोष देश फासावर जायचा. म्हणून बूट, पट्टा, पाण्याची बाटली, सगळ्यावरून सुती फडकं फिरवायचं आणि ते कणवाचकात घालायचं. विशाखाने सवयीने सगळं पुसलं होतं. त्यात तिचा कडीचा स्टीलचा डबाही होता, चंद्रपूरच्या गोल बाजारातून आईने घेऊन दिलेला.

हे एक्क्याण्णव काय, ते समजायला पदवी लागत नाही. युरेनियम जमिनीतून निघतं तेव्हा त्याच्या हजार अणूंत जेमतेम सात अणू कामाचे असतात, बाकीचा नुसता भार. वीज करायची तर कामाचे अणू शंभरात चार-पाचपर्यंत वाढवतात. बॉम्ब करायचा तर शंभरात नव्वदच्या वर नेतात. तुरवान सांगतो, कारखाना औषधाचा आहे; पण नव्वदचा माल औषधवाल्यांनी कधीच सोडून दिला. पाणबुड्या त्यावर चालतात म्हणे, पण तुरवानला समुद्रच नाही.

दुसरी गोष्ट वयाची. शुद्ध केलेलं युरेनियम त्या घटकेपासून म्हातारं व्हायला लागतं. एखादा अणू मोडतो आणि मोडता मोडता त्याचा थोरियम होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणात वर्षाकाठी असे काहीशे. पूर्वी ते मोजायला चिमूटभर माल लागायचा आणि तो कोण देणार? कणवाचकाला एक कण पुरतो. तिसरी गोष्ट कणाला चिकटलेल्या मातीची. प्रत्येक डोंगराचा खडक वेगळ्या वयाचा, त्याची मातीही आपलं वय सांगते, आणि त्यावरून कण कुठल्या खोऱ्यातून आला ते कळतं.

काय, कधी आणि कुठे. यंत्र बनवणाऱ्या हुशार लोकांनी एवढाच विचार केला होता. कण काही कारखान्यातून चालत येत नाही, तो कुणाच्या तरी हातावर बसून येतो, ही गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती. देशाला पकडायला जे यंत्र केलं ते पहिल्यांदा माणसालाच पकडणार होतं.

आणि विशाखाला तो हात कुणाचा हे ठाऊक होतं.

*

तुरवान हा असा देश, की तिथे विमानतळावर तुमचं घड्याळसुद्धा काढून घेतात आणि परत देताना बरोबर वेळेला लावून देतात. आपण काहीच लपवत नाही, हे दाखवायची त्यांची ही पद्धत.

औषधाचा कारखाना मात्र झकास होता. फरशा नव्या, भिंतींचा रंग ओला असावा इतका ताजा. विशाखा गुडघ्यांवर बसून नळ्यांच्या मागून, दाराच्या फटींतून, संडासाच्या टाकीखालून फडकं फिरवत होती आणि कर्नल बर्दाक तिच्या डोक्याशी उभा होता. बर्दाक मूळचा अभियंता. गणवेश नंतर चढलेला. विशाखाने मोठ्याने एक आकडा उच्चारला की तो दुरुस्त करायचा.

"तीन नाही. पावणेतीन," तो तुरवानी भाषेत म्हणायचा आणि दुभाषी नुरिशा ते इंग्रजीत सांगायची.

"पावणेतीनने काय फरक पडतो?" विशाखाने एकदा विचारलं.

"कर्नल म्हणतात, चुकीचा आकडा त्यांच्या कानात खड्यासारखा टोचतो."

मग कर्नल हसून आणखी काही बोलला. नुरिशा क्षणभर थांबली.

"सांग, सांग," विशाखा म्हणाली.

"ते म्हणतात, तुमच्या देशाने वाळवंटात स्फोट केले तेव्हा तुमच्याकडे पेढे वाटले होते. आम्ही औषधं करतो, तर तुम्ही आमचे संडास पुसायला येता."

"पेढे मीही खाल्ले होते. शाळेत होते तेव्हा. त्यांना सांग, पेढा गोड होता आणि मला अक्कल नव्हती. आता संडास पुसते. हे काम बरं आहे."

नुरिशाने शब्दन् शब्द सांगितला. कर्नलचं हसू गेलं.

नुरिशा पस्तिशीची, डोक्याला करडा रुमाल. तिची खरी ओळख पटली ती गाडीत. पुढे ड्रायव्हर आणि शिपाई, मागे या दोघी. नुरिशा खिडकीबाहेर बघत, ओठ न हलवल्यासारखं करत, लख्ख मराठीत म्हणाली, "ताई, तुमचा चष्मा खाली घसरलाय."

विशाखा उडालीच. नुरिशा पुण्यात शिकायला होती. चार वर्षं एका दातारकाकूंकडे राहिली होती, त्यांच्यासोबत भाजी निवडायची, त्यांची बोलणी खायची. तुरवानमध्ये हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण मराठी समजणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून गाडी हे त्यांचं माहेर झालं.

"ताई, तुम्ही 'काय करून राहिली' असं का म्हणता? काकू कधी असं बोलल्या नाहीत."

"चंद्रपूरला असंच बोलतात. तुमचं पुण्याचं 'काय करतेस' म्हणजे चौकशी. आमचं 'करून राहिली' म्हणजे बस, चहा पी, मग सांग."

नुरिशा हसली आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं, कारण शिपायाने आरशात पाहिलं होतं.

एकदा विशाखाने आपला डबा तिच्या पिशवीत सरकवला. आईचे जवसाचे लाडू होते. मंडळाच्या नियमात हे बसत नाही. तपासनीसाने यजमानाला काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. पण बारा-चौदा वर्षांत कुणी हातचं खायला घातलं नाही, असं ती बाई सहज बोलून गेल्यावर विशाखाच्या हाताने नियम विचारला नाही.

शेवटच्या दिवशी नुरिशाने पायानेच डबा तिच्याकडे ढकलला. जड होता.

"अगं, हे काय?"

"रिकामा कसा देऊ? काकू म्हणायच्या, घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घाल, पण दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नकोस. जर्दाळू आहेत. केश्तच्या खोऱ्यातले. सासर आहे माझं तिथं."

"तुझा नवरा तिथेच असतो?"

"दावीर तिथे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर आहे. सुट्टीला येतो. आमची मिर्ना सासूबाईंकडेच असते, शाळा जवळ पडते. परवा आला तेव्हा त्याने एकेक जर्दाळू निवडून, पुसून भरलाय. म्हणाला, पाहुणीच्या घरात आपलं नाव व्हायला हवं."

तुरवानचा साधा माणूस परक्याला काही देत नाही. भीतीने हात आखडलेले असतात. ही चूक तिथल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने केली नसती. ही पुण्याच्या एका स्वयंपाकघरात शिकलेली होती, म्हणून केली.

*

काय आणि कधी हे यंत्र आपणहून वरिष्ठांकडे पाठवतं. मातीची चाचणी मात्र हाताने करावी लागते आणि मंडळात ती विशाखाच करायची. तिने दार लावून घेतलं. डब्याच्या झाकणाच्या खोबणीतून कणासोबत आलेली माती जाळली, मोजली, नकाशाशी ताडून पाहिली.

केश्त. उपग्रहाच्या चित्रात तिथे नुसत्या जर्दाळूच्या बागा दिसत होत्या. बागांच्या खाली काय होतं ते आता तिला समजलं. पाण्याचे पंप! दावीर बिचारा पंपांवर असेलही. डोंगराच्या पोटातली हजारो फिरती नळकांडी थंड ठेवायला पाणी लागतंच की. तिथून तो हात धुऊन घरी आला असेल, आणि बायकोच्या पाहुणीसाठी जर्दाळू पुसायला बसला असेल.

तिने निकाल पुसून टाकला. यंत्रातूनही आणि पाठीमागच्या साठ्यातूनही. पुसताना ती एकदाही थांबली नाही. याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं.

मार्टेन्स आत आला तेव्हा ती खिडकीशी उभी होती. मार्टेन्स तिचा वरिष्ठ, उंच, वाकलेला, बोलताना स्वतःचेच कान ओढणारा.

"एक्क्याण्णव," तो म्हणाला. "वय?"

"पाच महिन्यांच्या आतलं."

"म्हणजे चालू आहे. आत्ता, आपण बोलतोय तेव्हा." तो खुर्चीत बसला. "माती?"

"बिघडली."

"विशाखा, तू आजवर चाचणी बिघडवलेली नाहीस."

"मग आज बिघडवली."

मार्टेन्सने कान ओढला. "पुढच्या आठवड्यात परिषद आहे. बर्दाक स्वतः येतोय, कारखाना स्वच्छ असल्याचा दाखला घ्यायला. तो मिळाला की त्यांच्यावरची बंदी उठेल, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडे बॉम्ब असेल. आणि तुला हेही माहीत आहे, की ज्यांची विमानं इंधन भरून उभी आहेत त्यांना फक्त एक पत्ता हवाय."

माहीत होतं. गेल्या खेपेला मंडळाने एका वाळवंटातल्या जागेचं नाव अहवालात छापलं. तपासनीस पाठवायचं ठरेपर्यंत बॉम्बफेकीने तिथल्या वाळूची काच झाली होती. अहवाल खरा होता. त्यात जळालेलं शेजारचं गावही खरं होतं. त्याचं नाव कुणी छापलं नाही.

"डबा कुठे कुठे नेला होतास?" मार्टेन्सने विचारलं.

"आठवून सांगते."

"लवकर आठव. कण कुठून आला ते सांगता आलं नाही तर तो पुरावा नाही, नुसता कचरा आहे."

तो गेला. विशाखा बसून राहिली. गप्प बसावं, तर बॉम्ब, आणि आज ना उद्या युद्ध. खरं सांगावं, तर केश्तवर विमानं, आणि विमानं टळलीच तर दावीरच्या दारात बर्दाकची माणसं. दोन्हीकडून तीच तीन माणसं मरत होती, एक बाई, तिचा नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. आणि हे सगळं कुणापुढे मांडायचं? ज्यांच्या तळघरांत हजारो बॉम्ब पडलेत अशांच्या परिषदेपुढे. आपल्याकडचा एकही कमी न करता ते दुसऱ्याच्या फरशीवरचा कण शोधायला तिला पाठवतात. तिचा स्वतःचा देशही त्याच पंगतीत मांडी घालून बसलेला. तिला थुंकावंसं वाटलं. पण म्हणून बर्दाकच्या हाती बॉम्ब द्यावा असंही तिला वाटेना. चोरांच्या हातात सुऱ्या आहेत म्हणून आणखी एकाला सुरी द्यायची, हा न्याय तिला पटणारा नव्हता.

*

तुरवानचा माणूस परदेशात स्वतःच्या दुभाष्याखेरीज तोंड उघडत नाही. म्हणून परिषदेला बर्दाकसोबत नुरिशा आली.

सकाळची नोंदणी चालू असताना विशाखाने तिला बायकांच्या स्वच्छतागृहात गाठलं. पहारेकरी दारापर्यंतच येऊ शकत होता. विशाखाने दोन्ही नळ पूर्ण सोडले.

"ताई!" नुरिशाचा चेहरा फुलला. "जर्दाळू आवडले का?"

"नुरिशा, ऐक. ओरडू नकोस. त्या डब्यात कण सापडलाय. बॉम्बच्या मालाचा. केश्तचा आहे."

नुरिशा आधी हसली. मग तिने विशाखाचा चेहरा पाहिला.

"दावीर पंपांवर आहे."

"असेल. पण ते पंप कशाचे आहेत ते त्याला माहीत असणार."

"तो खोकतो," नुरिशा हळूच म्हणाली. "मी म्हणायची, पाण्यात उभा राहतोस म्हणून. मी कधी विचारलं नाही, ताई. आमच्याकडे नवऱ्याला विचारत नाहीत. कोण जाणे काय उत्तर येईल, म्हणून." ती भिंतीला टेकली आणि एकदम तिच्या आवाजाला धार आली. "मी भरून दिलेला डबा तुम्ही तपासलात? मी तुम्हाला खायला दिलं आणि तुम्ही ते यंत्रात घातलंत?"

"सगळंच घालतो. नियम आहे."

"लाडू देताना नव्हता नियम?"

विशाखाने मागच्या दाराकडे पाहिलं. पाणी वाहत राहिलं.

"तू इथेच राहा," ती शेवटी म्हणाली. "आत्ता, या मागच्या दारातून जिन्याने खाली जायचं. आश्रय मिळेल. मी सोय करते."

"आणि मिर्ना? मी जेवायला नाही पोचले की संध्याकाळी कर्नलची माणसं सासूबाईंच्या घरी जातील. म्हणून तर मुलीला तिथं ठेवायला लावलंय. शाळा जवळ पडते हे आम्ही आपलं म्हणायचं." तिने रुमालाने डोळे न पुसता नाक पुसलं. डोळे लाल दिसून चालणार नव्हते. "तुम्ही गप्प बसलात तर?"

"वर्षभरात बर्दाककडे बॉम्ब असेल. तोवर तुझा नवरा ती धूळ खात राहील."

"आणि बोललात तर विमानं."

"हो."

"मग मला काय विचारता? माझ्या मुलीला कुणी मारायचं ते निवडायला आलात?"

बाहेरून पहारेकऱ्याने दार वाजवलं. नुरिशाने नळ बंद केला, आरशात रुमाल नीट केला. तिचा चेहरा पुन्हा सरकारी झाला.

"केश्तचं नाव घेऊ नका," ती आरशातल्या विशाखाला म्हणाली. "एवढं वचन द्या. बाकी काय करायचं ते करा. मी फक्त जे बोललं जाईल ते सांगणार. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मला तेवढंच येतं."

"दिलं," विशाखा म्हणाली.

*

परिषदेचा हॉल गोल आहे. गोल टेबलाला वरचं टोक नसतं म्हणे. तरी प्रत्येकाला माहीत असतं कोण कुठे बसलंय.

बर्दाकने सुरुवातीला भाषण केलं. तुरवान शांतताप्रिय आहे, कर्करोगाच्या रुग्णांसाठी औषध बनवतो, उपाशीपोटी बंदी सोसतो. नुरिशाने एका सुरात भाषांतर केलं. मग मार्टेन्सने विशाखाकडे पाहून मान हलवली. सकाळी नुरिशाला भेटून आल्यावर तिने त्याला डब्याची एक हकीकत सांगितली होती. त्याने ती ऐकून दोन्ही कान ओढले होते आणि म्हटलं होतं, "मला यापुढे काहीही विचारायचं नाही."

विशाखा उभी राहिली. आयुष्यभर तिने एकच शिस्त पाळली होती, जे यंत्राने सांगितलं ते आणि तेवढंच सांगायचं.

"कारखान्यातले आमचे सगळे नमुने स्वच्छ आहेत," ती म्हणाली. बर्दाक खुर्चीत रेलला. "पण तपासणीच्या वेळी माझ्या सामानातली एक वस्तू मी कारखान्याच्या मुख्य दालनात, हवेच्या नळीच्या तोंडाशी ठेवली होती. हा माझा नियमभंग आहे आणि मी तो कबूल करते. त्या वस्तूवर युरेनियमचा एक कण सापडला. एक्क्याण्णव टक्के. वय पाच महिन्यांच्या आतलं. माझं म्हणणं असं, की तुरवान याच कारखान्यात बॉम्बचा माल तयार करतो."

खोटं. बाकी सगळं खरं, आणि जागा तेवढी खोटी. तिने ही जागा निवडली होती ती विचार करून. कारखान्याला लागून मंडळाची कायमची चौकी होती, पाच-सहा देशांचे तपासनीस तिथे राहात होते. जिथे विमानवाल्यांची स्वतःची माणसं झोपतात तिथे विमानं येत नाहीत. कारखान्याला टाळं लागेल, बंदी राहील, वेळ मिळेल. याहून पुढचा बेत तिच्याकडे नव्हता.

नुरिशाने बर्दाकच्या कानाशी तुरवानीत सांगितलं. बर्दाकचा चेहरा आधी पांढरा पडला, मग मानेपासून वर लाल चढत गेला. त्याने शंभर प्रश्नांची तयारी करून ठेवली होती. डोंगराबद्दल, उपग्रहाच्या चित्रांबद्दल, सीमेपलीकडून आलेल्या पंपांबद्दल. त्याने स्वतः रंगवून घेतलेला, खरोखर स्वच्छ असलेला कारखाना कुणी घाण ठरवील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. दोषी माणसाला जे केलं नाही त्याचा आरोप सहन होत नाही. त्यात हा अभियंता.

तो उठला. टेबलावर मूठ आपटून तुरवानीत गरजला. तुरवानची माणसं सोडली तर सबंध हॉलमध्ये ती भाषा कुणालाच कळत नव्हती. लांबलचक वाक्य होतं. मध्येच, जणू पायरी चुकावी तसं, ते तुटलं.

सगळ्यांच्या माना नुरिशाकडे वळल्या.

बर्दाकही तिच्याकडे वळला. विशाखाने त्याचे डोळे पाहिले. त्या डोळ्यांत आत्तापर्यंत कधीही न दिसलेली गोष्ट होती, विनवणी. त्याने नुरिशाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

नुरिशासमोरच्या मायक्रोफोनवर लाल ठिपका जळत होता. बर्दाकच्याही. ध्वनिमुद्रण राहतं, उद्या तुरवानमध्येही कुणीतरी ते ऐकणार होतं. तिने पाण्याचा घोट घेतला. विशाखाला वाटलं, ही आता शब्द बदलणार. बदलला तरी तिला कोण दोष देईल?

"कर्नल म्हणतात," नुरिशा त्याच एका सुरात म्हणाली, "ही बाई धडधडीत खोटं बोलते आहे. हा कारखाना मी स्वतः बांधला. इथली वीज त्या कामाला दहा मिनिटंसुद्धा पुरणार नाही, इथली जमीन ते वजन पेलणार नाही. एक्क्याण्णवचा माल या इमारतीत येईलच कसा? तो तर इथून तीनशे मैलांवर..." ती थांबली. "कर्नल इथे थांबले."

मग ज्यांची विमानं उभी होती त्या देशाचा प्रतिनिधी पुढे झुकला.

"तीनशे मैलांवर कुठे?"

नुरिशाने भाषांतर केलं. बर्दाक उभाच होता. त्याच्या खुर्चीमागे बसलेल्या त्याच्याच देशाच्या दोन माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्यानंतरचा गोंगाट बराच वेळ चालला. तुरवानकडे माल आहे याचा पुरावा आता डब्यात नव्हता. तो तुरवानच्या कर्नलच्या तोंडून, तुरवानच्या दुभाषीने, तुरवानच्या मायक्रोफोनवर दिला होता. कारखान्याच्या चहूबाजूंनी तीनशे मैलांवर एका वर्तुळात कितीतरी खोरी होती आणि कुठल्याही विमानाला एवढं वर्तुळ जाळता येत नव्हतं. ठराव झाला तो असा : देश उघडा, प्रत्येक खोऱ्यात तपासनीसांची चौकी बसवा, नाहीतर बंदी दुप्पट. विमानवाल्या देशाचा प्रतिनिधी चडफडला. त्याला पत्ता हवा होता, त्याला वर्तुळ मिळालं. केश्तमध्येही परक्या देशांचे लोक तंबू ठोकून राहणार होते. दावीरच्या फुप्फुसांतली धूळ त्याने निघणार नव्हती. पण मिर्नाच्या शाळेवर आता कुणाची विमानं येणार नव्हती.

*

"तुझं ओळखपत्र," मार्टेन्स म्हणाला. हॉलबाहेरच्या लांब व्हरांड्यात दोघं उभे होते. "जेवणाचा डबा तपासणीच्या जागी नेलास. नियमाप्रमाणे मला तुला काढावं लागतं."

"नियमच आहे." तिने गळ्यातली पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"यंत्राचं काय होणार, याचा विचार केलास? उद्या कुणीही म्हणेल, यांच्या कणांना काही अर्थ नाही, हे कण कुठेही सापडवतात."

"म्हणू दे. खोटं बोलले ते मी बोलले, यंत्र नाही."

"मी हे ऐकलं नाही," मार्टेन्स म्हणाला आणि पट्टी खिशात घालून निघून गेला.

व्हरांड्याच्या टोकाला दार उघडलं. तुरवानची माणसं बाहेर पडली. सकाळी ती दोन माणसं बर्दाकच्या मागून चालत होती. आता एक त्याच्या उजवीकडे होता, एक डावीकडे. नुरिशा चार पावलं मागे, हातात त्याची बॅग.

विशाखाजवळ येताच बर्दाक थांबला. बाजूच्या माणसांना ते आवडलं नाही, पण त्यांनी त्याला थांबू दिलं. तो तिच्याकडे पाहात शांतपणे काही बोलला. राग संपून गेला होता. अभियंत्याला गणित सुटत नाही तेव्हा तो जसा बोलेल तसा आवाज.

नुरिशा पुढे आली. "कर्नल विचारतात, तुम्ही कारखान्यात खोटं पकडायला आला होतात. मग खोटं का बोललात? त्यांना फक्त हे जाणून घ्यायचंय."

विशाखाने नुरिशाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा चेहरा फुटला असता, आणि त्या दोन माणसांचे डोळे फार तयार होते. ती बर्दाककडेच बघत राहिली.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "खोटं मी बोलले. खरं ते बोलले."

नुरिशाने ते तुरवानीत सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. बर्दाकने ऐकलं, दुरुस्ती करावी तसं तोंड उघडलं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं त्याला काही सापडलं नाही. उजवीकडच्या माणसाने त्याचा दंड धरला. ते निघाले. दारापाशी नुरिशाने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मागे वळून न पाहता त्यांच्यामागून गाडीत बसली.